बोलेरो पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलता येतात का?

तुम्ही विचारलंय की पिकअपला ब्रेक मारला की पुढून चिर्र आवाज येतो, गॅरेजवाला म्हणतो पॅड संपले, तर अंगणात स्वतः बदलू का. बदला की. पान्याची थोडीफार सवय असेल तर यात अवघड काही नाही, फक्त पहिल्या वेळी अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि दुसऱ्या दिवशीचं भाडं घेऊ नका. पैसे फार वाचतात असं नाही, मजुरी काय मोठी नसते. पण जुने पॅड काढून नवे घालणं हे सगळ्यात सोपं काम, जुने कसे झिजलेत ते बघणं हे खरं काम, आणि गॅरेजला गर्दी असली की नेमकं तेच राहून जातं. म्हणून मी स्वतः करतो.

आधी आवाज नीट ऐका. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्री असते, मटेरियल संपत आलं की ती डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, घासते आणि चिर्र वाजते, म्हणजे अजून थोडा वेळ आहे. खरखर येत असेल तर लोखंडावर लोखंड चाललंय, मग गाडी उभीच करा, डिस्क पण खाल्ली असणार. आणि हे सगळं फक्त पुढच्या चाकांचं सांगतोय, मागे ड्रम आहेत, त्याचे लायनर आणि स्प्रिंगा हा वेगळा विषय, ते पहिल्यांदा कुणा माहीतगाराला सोबत घेऊनच करा.

गाडी रिकामी करून कडक सपाट जागेवर घ्या, काळ्या मातीत जॅक रुततो. गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मग जॅक. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करायचं नाही म्हणजे नाही, खाली स्टँड लावा आणि काढलेलं चाक पण चासीखाली सरकवून ठेवा. आमच्याकडे विटांवर गाडी ठेवणारे महाभाग आहेत, वीट एका दणक्यात फुटते.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेली असली की कशी बसवायची ते बघता येतं, आणि दोन्ही कॅलिपर (डिस्कवर बसून पॅड धरणारा भाग) उघडे ठेवून एकीकडचा पिस्टन, म्हणजे पॅडला डिस्ककडे ढकलणारा दट्ट्या, दाबला तर दुसरीकडचा बाहेर येतो. तरी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, क्लिपा उलट्या बसतात नाहीतर. कॅलिपरचे बोल्ट मागच्या अंगाला असतात, ते काढून कॅलिपर उचलला की तारेने चासीला बांधा, ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत सोडू नका, पाइप आतून तुटतो आणि बाहेरून दिसत पण नाही.

आता पॅड हातात घेऊन बघा. ३ मिमीच्या आसपास आलं की बदलायचंच. आतला जास्त झिजलाय आणि बाहेरचा जाडच आहे, तर बहुतेक वेळा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या जाम असतात. पॅड तिरका झिजलाय तर पिना बघा आणि पॅड ज्या खाचेत सरकतो तिथला गंज बघा. एका चाकाचे दोन्ही संपलेत आणि दुसऱ्या चाकाचे शाबूत, तर कुठल्यातरी बाजूचा पिस्टन नाहीतर पाइप नीट काम करत नाहीये. हे न बघता नवे पॅड टाकले तर ते पण तसेच जाणार. पिना काढून पुसा, वर-खालची पिन वेगळी असू शकते, अदलाबदल नको. ग्रीस ब्रेकचं, सिलिकॉनवालं लावा, चासीचं साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन परत जाम. खाचेतला गंज वायर ब्रशने काढा. ब्रेकची धूळ हवा मारून उडवू नका, छातीत जाते, ओल्या फडक्याने पुसा. डिस्कला डिझेलचं फडकं पण नको, ब्रेक क्लीनरचा स्प्रे मिळतो. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, त्याच्या खाली गेली असेल किंवा नख अडकेल एवढे चरे असतील तर आधी डिस्कचं बघा.

नवे जाड पॅड मावायला पिस्टन मागे दाबावा लागतो, त्याआधी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडा. मधे कुणी ऑइल टॉपअप केलं असेल तर ते वरून सांडतं आणि रंग खातं, सिरिंजने थोडं काढून घ्या. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने (स्क्रूवाला शिकंजा) हळूहळू दाबायचं. पिस्टन हलतच नाही, किंवा त्याचं रबर फाटलंय, किंवा आसपास ऑइलचा ओलावा आहे, तर तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा, हातोडा घेऊ नका. ऑइल टाकावं लागलं तर झाकणावर जे डॉट (DOT, ब्रेक ऑइलचा ग्रेड) लिहिलंय तेच, सीलबंद बाटलीतलं. उघडी बाटली हवेतलं पाणी ओढते आणि घाटात ब्रेक तापले की त्याच पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं.

पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदला, एकाच कंपनीचे. घासणाऱ्या बाजूला हाताचं ग्रीस लागू देऊ नका. चाकाचे नट समोरासमोरचे आवळा. आणि दोन्ही बाजू जोडून झाल्या की गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा! पिस्टन मागे गेलेला असतो, पहिला पाय थेट फ्लोअरला जातो, आणि लोक अंगणातून रिव्हर्स घेतानाच भिंतीला धडकतात.

मग नवे पॅड डिस्कला नीट बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ५० च्या स्पीडवरून १०-१५ पर्यंत आणा, पूर्ण थांबवू नका, मधे थंड होऊ द्या, असं ८-१० वेळा. लासलगावचा कांदा भरून कसारा घाटाने वाशीला जायचं असेल तर नव्या पॅडवर पहिलीच खेप ती करू नका, आणि एरवी पण तो घाट खालच्या गिअरमध्येच उतरा. ५०-१०० किलोमीटरनंतर नट परत आवळा आणि चाकाजवळ हात नेऊन बघा, एक बाजू जास्त तापत असेल तर तिकडचा कॅलिपर सुटत नाहीये. पेडल स्पंजी लागलं तर ब्रेकच्या पाइपात एअर आहे, ती काढून घ्या.

जुने चारही पॅड फेकू नका, कुठला आतला कुठला बाहेरचा ते लिहून ठेवा, फोटो टाकलेत तर बघून सांगतो.