शंका-समाधान : नाताळ सूर्याचा, ईस्टर देवीचा?

प्रश्न : २५ डिसेंबर हा मुळात रोमन सूर्यदेवाचा जन्मदिवस, चर्चने तो उचलला, असं दर नाताळात व्हॉट्सॲपवर फिरतं. यात तथ्य किती?

सूर्यदेव खरा, पण 'उचलला' म्हणायला पुरावा तोकडा आहे. सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये रोममध्ये 'सोल इन्व्हिक्टस', म्हणजे अजिंक्य सूर्याचं देऊळ बांधलं, हे पक्कं. त्याचा उत्सव २५ डिसेंबरला असल्याची सर्वांत जुनी लेखी नोंद मात्र ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात सापडते. त्या तारखेसमोर जेमतेम एक ओळ आहे : अजिंक्याचा जन्म, रथांच्या ३० शर्यती. गंमत म्हणजे याच संग्रहात पुढे ख्रिस्ती हुतात्म्यांच्या पुण्यतिथींची यादी येते आणि तिच्यात पहिलीच नोंद आहे ती २५ डिसेंबरची : यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्ताचा जन्म. ही यादी ३३६ सालची असावी, असं अभ्यासक मानतात. थोडक्यात, सूर्याच्या बाजूने जो कागद पुढे केला जातो, त्याच कागदात नाताळही आहे, आणि तो कदाचित आधीचा. चर्चने सूर्योत्सवामुळे तारीख हलवली हे विधान थेट १२व्या शतकात, एका सीरियाई हस्तलिखिताच्या समासात लिहिलेलं मिळतं. एवढ्या उशिराच्या साक्षीवर किती भिस्त ठेवायची?

दुसरा तर्क हिशेबाचा आहे. साधारण २०० साली टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने येशूच्या मृत्यूची तारीख २५ मार्च धरली. गर्भधारणा आणि मृत्यू एकाच तारखेला, अशी समजूत होती. पुढे बिशप ऑगस्टीनने ती स्पष्ट लिहून ठेवली आहे. २५ मार्चपासून नऊ महिने मोजा, २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरत, तिथून नऊ महिन्यांनी ६ जानेवारी. आर्मेनियन चर्च आजही ख्रिस्तजन्म ६ जानेवारीलाच साजरा करतं. या तर्काची लंगडी बाजू अशी, की ऑगस्टीन लिहीत होता तेव्हा सण रूढ झालेला होता. हिशेब मागाहून जुळवलेलाही असू शकतो. तरी दोन्ही तारखा एकाच किल्लीने उघडतात, म्हणून आमचा कल इकडे. रोमन कालगणनेत २५ डिसेंबर हाच दक्षिणायन संपण्याचा दिवस मानत, तेव्हा सूर्याचं रूपक चौथ्या शतकातल्या धर्मोपदेशकांच्या हाती आयतंच आलं आणि त्यांनी ते मनसोक्त वापरलं.

सॅटर्नेलिया या रोमन सणाचं नाव यात उगीच गोवतात. तो १७ डिसेंबरला सुरू होई आणि २३ला आटपे. मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या भेट देत, हे खरं. पण भेटी कुठल्या सणाला देत नाहीत?

प्रश्न : ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, मुळात इओस्त्रे देवीचा आणि त्या दिवशीची रंगीत अंडी तिचीच ना?

या देवीचं नाव घेणारा जुना लेखक एकच : इंग्लंडमधला भिक्षू बीड, साल ७२५. तिच्या नावाचा महिना होता आणि त्यात तिचे उत्सव होत, इतकंच तो सांगतो. अंडी नाहीत, ससा नाही. बाकीचा बराचसा डोलारा १८३५ मध्ये जर्मन अभ्यासक याकोब ग्रिमने मांडलेल्या अंदाजावर उभा आहे. अंडी आणणाऱ्या ईस्टरच्या सशाचा उल्लेख मिळतो तो १६८२ मध्ये, तोही आज फ्रान्समध्ये असलेल्या अल्सास प्रांतातल्या चालीबद्दल.

अंड्यांचं कारण स्वयंपाकघरातलं आहे. मध्ययुगात ईस्टरआधीच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना उपवास ठाऊक नसतो. वसंतात त्या जास्तच अंडी घालतात. साठलेली अंडी उकडून, रंगवून ईस्टरला निघत. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९०च्या हिशेबात ४५० अंड्यांचे १८ पेन्स लागलेले दिसतात.

प्रश्न : ईस्टरची तारीख पौर्णिमेवर ठरते, मग ही चंद्रपूजाच नव्हे का? आणि ती काढायची कशी?

चंद्र आला तो ज्यूंच्या वल्हांडण सणातून, कारण येशूचा मृत्यू त्याच सणाच्या सुमारास झाला. हा सण ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या पौर्णिमेला असतो. ईस्टरचा नियम असा : २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. ही पौर्णिमा आकाशातली नव्हे, चर्चच्या तक्त्यातली. सनाला १९ने भागून बाकीत १ मिळवा. २०२६ला बाकी १२, म्हणून आकडा १३. तक्त्यात १३समोर २ एप्रिल, गुरुवार. म्हणून ईस्टर ५ एप्रिलला. तक्त्यातली पौर्णिमाच रविवारी आली तर पुढचा रविवार घ्यायचा. २०२५ मध्ये ती १३ एप्रिलला, रविवारी होती, सण २० एप्रिलला झाला. बहुतेकांचं गणित इथे चुकतं.

पंचांग घेऊन बसलात तर आणखी एक घोळ होतो. २०१९ची होळी पौर्णिमा २१ मार्चला सकाळी संपली, त्यामुळे ईस्टर २४ मार्चला हवा असं वाटे. पण तक्त्यात ती पौर्णिमा २० मार्चची, म्हणजे एका दिवसाने बाद. पुढची १८ एप्रिलची धरली आणि ईस्टर गेला २१ एप्रिलवर. त्या वर्षी गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती एकाच दिवशी आले. ऑर्थडॉक्स चर्चचा तक्ता जुन्या ज्युलियन कालगणनेचा, तेव्हा २०२६चा त्यांचा ईस्टर १२ एप्रिलला.