वादळ तेच, वाटेतली घरं नवी

गोव्याला 2021 मध्ये हादरवणाऱ्या तौक्ते चक्रीवादळाच्या आठवणी निघाल्या की या सदराची पत्रपेटी भरते. यावेळी घर आणि वादळ एवढाच विषय घेतला आहे.

प्रश्न (म्हापसा): अरबी समुद्रात वादळं वाढली आहेत असं शास्त्रज्ञच सांगतात. मग नुकसानीचं खापर बांधकामांवर का फोडायचं?

वादळं वाढली आहेत, हे खरंच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या (आयआयटीएम) अभ्यासानुसार 1982-2000 च्या तुलनेत 2001-2019 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली. पण वादळ किती मोठं होतं यावरच नुकसान ठरत नाही, त्याच्या वाटेत काय उभं होतं यावरही ठरतं. 1926 साली अमेरिकेतल्या मायामीला मोठं चक्रीवादळ धडकलं. तेच वादळ आजच्या मायामीवर आलं, तर नुकसान शंभर अब्ज डॉलरच्या वर जाईल असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. वाऱ्याचा वेग तोच, किनाऱ्यावरची वस्ती मात्र कित्येक पट.

आपल्याकडे 2017 चं ओखी चक्रीवादळ खूप दूर समुद्रात होतं, तरी मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावरच्या शॅकांत, म्हणजे झोपडीवजा हॉटेलांत, पाणी शिरलं. मे 2021 चं तौक्ते गोव्याला धडकलं नाही, बाजूने गुजरातकडे गेलं. तरी झाडं पडली, तारा तुटल्या, गावंच्या गावं अंधारात राहिली. पुढचं वादळ याच वाटेने आलं तर वाटेत तेव्हापेक्षा जास्त घरं असतील. समुद्राला बोल लावून हा हिशेब टळत नाही.

प्रश्न (पेडणे): शेजारच्या सखल शेतात भराव टाकून व्हिला झाले. आमच्या अंगणात कधी पाणी येत नव्हतं, आता घोटाभर साचतं. वादळात काय होईल?

सगळ्यांत महत्त्वाचं पत्र हे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एक एकर शेतात फूटभर पाणी मावतं, म्हणजे सुमारे 12 लाख लिटर. दहा हजार लिटरचे सव्वाशेच्या आसपास टँकर झाले. तेवढ्या जागेत लाल माती ओतली, तर ते पाणी नाहीसं होत नाही, शेजारी सरकतं. इथे शेजारी म्हणजे तुम्ही.

वादळात हे दुपटीने जाचतं. आपल्या खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधात मानस असते, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारं दार. भरतीला बाहेरचं पाणी चढलं की तिची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. वादळात हवेचा दाब कमी झाल्याने समुद्र फुगतो, वाराही पाणी खाडीत रेटतो, त्यामुळे दारं जास्त वेळ मिटलेलीच राहतात. वर पाऊस कोसळत असतो. ते पाणी ओहोटीपर्यंत कुठे थांबणार? आजवर ते शेतात थांबायचं. आपल्या पूर्वजांनी खाजन भातासाठी आणि माशांसाठी राखलं खरं, पण पुराच्या पाण्यासाठीही ती ओसरीच होती. ओसरीवर व्हिला बांधला, आता पाणी माजघरात येणार.

हे भय काल्पनिक नाही. 2017 मध्ये हार्वे वादळात ह्यूस्टन बुडालं. तिथल्या माळरानावर शहर पसरल्याने असा पूर येण्याची शक्यता सरासरी 21 पट वाढली, असं ‘नेचर’मधल्या 2018 च्या अभ्यासात निघालं.

तुम्ही एवढं करा: एक-चौदाचा उतारा (जमिनीची सरकारी नोंद) काढा, सनद (शेतजमीन बिगरशेती करण्याची परवानगी) आहे का पाहा, भरावाआधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह ठेवा आणि पंचायतीसोबत उपजिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी अर्ज द्या. तोंडी तक्रारीची पोच मिळत नाही.

प्रश्न (बाणावली): समोरच्या रिसॉर्टवाल्याने वाळूची टेकडी सपाट करून लॉन लावलं. तिथली वेल उपटली. एवढं काय बिघडलं?

ती मर्यादवेल. नावातच तिचं काम आहे: वाळू धरून ठेवायची आणि लाटेला मर्यादा घालायची. लॉन वाळू धरत नाही. मोठ्या लाटेपुढे आता आडोसा उरला नाही, तुमच्याही घराला.

प्रश्न (ठाणे): पर्वरीत फ्लॅट घेतोय. बिल्डर म्हणतो, इमारत ‘वादळरोधक’ आहे. काय विचारू?

जाहिरातीतला शब्द सोडा. वाऱ्याच्या भारासाठीचं भारतीय मानक आयएस 875 (भाग 3) पणजीसाठी सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर वेग धरतं. चक्रीवादळासाठीचा जादा गुणक पूर्व किनारा आणि गुजरातपुरताच आहे, त्यातही साध्या घरांना तो वाढवत नाहीत. तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला थेट विचारा, डिझाइन किती वेगाला केलं आहे?

काँक्रीटचा सांगाडा सहसा टिकतो. आधी जातात त्या मोठ्या काचेच्या सरकत्या खिडक्या आणि गच्चीवरचे पत्रे. काच फुटली की वारा आत शिरून छपराला आतून ढकलतो. 1992 मध्ये अँड्र्यू वादळाने फ्लोरिडात 25 हजारांवर घरं मोडली, त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम कडक झाले. म्हणून नवं घर जुन्यापेक्षा बळकट असू शकतं हेही मान्य करतो. मीटर, पंप आणि लिफ्टची यंत्रणा तळमजल्यावर कुठे, किती उंचीवर आहे, तेही बघून घ्या.

प्रश्न (सासष्टी): वडिलोपार्जित घराची मंगलोरी कौलं काढून पत्रे घालू का?

घाई नको. वारा छप्पर दाबत नाही, वर ओढतो, आणि वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. पत्रा उडाला तर अख्खा उडतो आणि शेजाऱ्याच्या दारात जातो. कौलं सुटी सुटी उडतात, पण तीही इजा करतातच. कडेच्या ओळी आणि मोभ (छपराचा माथा) चुन्या-सिमेंटने बसवा, वासे चिऱ्याच्या भिंतीला पट्टीने जखडा.

पत्रे असतीलच तर दरवर्षी मे महिन्यात शिडी लावून बोल्ट तपासा. गेल्या वर्षी एका घरी बोल्टची टोपी चिमटीत धरली तर ती बिस्किटासारखी चुरली. खाली उभे असलेले घरमालक म्हणाले, “बाहेरून तर चकचकीत दिसतात हो.”

प्रश्न (ताळगाव): आमच्या इमारतीतले निम्मे फ्लॅट वर्षभर बंद असतात. त्याचाही धोक्याशी संबंध आहे?

आहे. 2011 च्या जनगणनेतच गोव्यातल्या पाचांतलं एकाहून अधिक घर रिकामं होतं. बंद फ्लॅटच्या बाल्कनीतल्या कुंड्या आत कोण घेणार? गच्चीचे पाण्याचे मार्ग कोण मोकळे करणार? सोसायटीने प्रत्येक बंद फ्लॅटची एक किल्ली आणि ती वापरायची लेखी परवानगी पावसाआधी घ्यावी. वादळाचा इशारा आल्यावर फोन कुणी उचलत नाही.