पाचशे प्रतींची तबकडी

प्रश्न : मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या माझ्या पुतण्याने 'द रायझिंग स्टॉर्म' या तिथल्या एका शाळकरी बँडची गाणी मला ऐकवली आणि त्यांच्या मूळ तबकडीला आज हजारो डॉलर मोजले जातात, असे सांगितले. मला वादन कच्चे वाटले. मग एवढे मोल कशाचे? १९६९-७० च्या सुमारास मी सयाजीराव विद्यापीठात असताना आमच्या वसतिगृहातही गिटार-ड्रम वाजवणाऱ्या मुलांचा एक संच होता. त्यांची एकही तबकडी का निघाली नाही?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : वादन कच्चे आहे, हे आपले म्हणणे खरे आहे. १९६४ मध्ये बीटल्सचे वारे अमेरिकेत शिरल्यानंतर गावोगावच्या मुलांनी घरच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये तालमी करून जे संगीत उभे केले, त्याला पुढे 'गॅरेज रॉक' हे नाव पडले आणि कच्चेपणा हा त्याचा स्वभावच ठरला. रायझिंग स्टॉर्मचे सहा जण बोस्टनच्या उत्तरेकडील अँडोव्हर येथील फिलिप्स अकॅडमी या १७७८ मध्ये स्थापन झालेल्या आणि त्या काळी केवळ मुलांसाठी असलेल्या निवासी शाळेचे विद्यार्थी होते. शाळा सोडण्यापूर्वी, १९६७ मध्ये, त्यांनी 'काम बिफोर' ही तबकडी स्वतःच काढली. बँडचे नाव उठते वादळ आणि तबकडीचे नाव त्याआधीची शांतता, हा खोडकरपणा त्या वयाला शोभणाराच आहे.

तबकडीच्या ५०० प्रती निघाल्या आणि त्यातील बहुतेक शाळासोबत्यांच्या घरी गेल्या असणार. दुर्मीळपणाचे मूळ या आकड्यात आहे; मात्र त्या काळी अमेरिकेत अशा कितीतरी हौशी तबकड्या निघाल्या आणि त्या सगळ्यांना काही संग्राहक विचारत नाहीत. या तबकडीत बोस्टनच्याच 'द रिमेन्स' या बँडचे 'डोन्ट लुक बॅक' किंवा 'इन द मिडनाइट अवर' यांसारखी दुसऱ्यांची दणदणीत गाणी आहेत, ती मुलांनी उत्साहाने वाजवली आहेत, एवढेच म्हणता येईल. पण 'फ्रोझन लाफ्टर' आणि 'द रेन फॉल्स डाउन' ही त्यांची स्वतःची संथ, उदास गाणी ऐकताना सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या आवाजातला संकोचच गाण्याला उपकारक ठरतो, आणि माझ्या मते संग्राहकांचा जीव जडला तो या गाण्यांवर. पुतण्याला मूळ प्रतीच्या मागे लागू देऊ नका. नंतरच्या आवृत्त्यांत ही गाणी पूर्ण ऐकायला मिळतात.

आपल्या वसतिगृहातील संचाची तबकडी न निघण्याचे कारण गुणांत शोधू नये. तबकडी काढताना आधी लॅकर या रोगणाच्या लेपाच्या चकतीवर खाच कोरून घ्यावी लागते, मग तिच्यावरून धातूचे साचे तयार होतात. प्रती शंभर काढा वा हजार, हा आरंभीचा खर्च तेवढाच राहतो. अमेरिकेत पैसे भरले की कोणाच्याही मोजक्या प्रती छापून देणारे लहान कारखाने होते. आपल्याकडे त्या काळी छपाईची सूत्रे मुख्यतः कलकत्त्याजवळ डमडमला कारखाना असलेली ग्रामोफोन कंपनी आणि नंतर आलेली पॉलिडॉर यांच्या हाती होती, आणि बडोद्याच्या वसतिगृहातील मुलांसाठी तिथली दारे सहज उघडणारी नव्हती. आपल्या देशातील अशा बँडचे जे थोडे जतन झाले, ते बरेचसे एका सिगारेट कंपनीच्या जाहिरातखर्चातून झाले : 'सिमला' सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या 'सिमला बीट' स्पर्धेतील बँडच्या १९७० आणि १९७१ अशा दोन तबकड्या निघाल्या. शिलाँगचे 'फेंटोन्स' आपल्याला आज ऐकू येतात ते त्यामुळेच.

तेव्हा शोध घ्यायचाच असेल, तर तबकडीऐवजी स्पूलच्या टेपचा घ्यावा, कारण स्नेहसंमेलनाचे मुद्रण एखाद्या सोबत्याच्या घरी पडून असण्याचा संभव आहे. टेप सापडल्यास उत्साहाच्या भरात लगेच वाजवू नये. आधी तिचा वास घ्यावा : व्हिनेगरसारखा आंबूस दर्प आला, तर ती ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकची असून विघटित होऊ लागली आहे, आणि वेगाने गुंडाळल्यास तुटेल. अशी टेप थंड, कोरड्या जागी, इतर टेपांपासून दूर ठेवून जाणकाराकडूनच तिची डिजिटल प्रत करून घ्यावी. डब्यावर पेन्सिलीने लिहिलेली नावे-तारखा असतील, तर त्यांचे छायाचित्र त्याआधीच काढून ठेवावे.