ओवायहीतील ज्युनिपर: जाळण्याआधी उताराची दिशा पाहा

आपण लिहिले आहे की, अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या ओवायही काउंटीत घेतलेल्या जमिनीवर ज्युनिपर हे सदाहरित झाड झपाट्याने पसरत आहे, खालच्या उतारावर चीटग्रास हे परदेशी वार्षिक गवत माजले आहे आणि येत्या शरदात सगळा पट्टा एकदाच नियंत्रितपणे जाळून घ्यावा, असा सल्ला एका कार्यालयाने दिला आहे. वणव्यानंतर गावाकडचे कुरण हिरवेगार होते, म्हणून आपल्यालाही तो पटला आहे. हाच सल्ला काही वर्षांपूर्वी मलाही मिळाला होता. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही आणि माझी जमीन म्हणजे आपली जमीन नव्हे, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

सह्याद्रीचा दाखला येथे लावू नये. तिकडे उन्हाळ्यात जळलेल्या डोंगरावर थोड्याच आठवड्यांत पाऊस येतो. येथे बहुतेक ओलावा हिवाळ्यात मिळतो आणि उन्हाळा कोरडा जातो. चीटग्रास शरदातच उगवते, थंडीत मुळे वाढवते आणि जूनच्या सुमारास बी टाकून वाळते. म्हणजे देशी गवताला ओलावा हवा असतो तेव्हा तो संपलेला असतो, आणि विजा पडू लागतात तेव्हा झुडपांमधल्या मोकळ्या जागाही पेटण्याजोग्या झालेल्या असतात. २०१५ च्या सोडा वणव्यात याच भागातील सुमारे २,८०,००० एकर जळाले, ते आपल्या शेजाऱ्यांना अजून आठवत असेल.

त्यात बिग सेजब्रश हे येथील मुख्य देशी झुडूप जळाल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. त्याला बियांतूनच यावे लागते आणि बी आईझाडापासून फार लांब जात नाही. उंचावरील, गारव्याचा माउंटन प्रकार दोन-तीन दशकांत सावरू शकतो. सखल, कोरड्या जागेतील वायोमिंग प्रकार पन्नास वर्षांनीही अनेकदा पूर्ववत होत नाही. सेज ग्राउझ हा येथला रानकोंबड्यासारखा पक्षी हिवाळ्यात जवळजवळ केवळ सेजब्रशच्या पानांवर जगतो, त्यामुळे त्याच्यासाठी म्हणून केलेली जाळणी त्याचेच अन्न संपवू शकते.

माझे सर्वांत मोठे नुकसान झाले ते ज्या कार्यालयाने हा भेद मानलाच नाही, त्याच्यामुळे. त्यांच्या नकाशावर माझी सगळी जमीन एकाच रंगात होती, म्हणून उत्तरेकडचा गार उतार आणि दक्षिणेकडचा तापलेला उतार यांना एकच उपाय ठरला. प्रत्यक्ष जागा पाहण्याची विनंती मी लेखी केली, तेव्हा ‘आराखडा मंजूर आहे’ एवढेच उत्तर आले. जाळणी झाली. त्याच हिवाळ्यात पेरायचे बी मात्र त्यांच्या खरेदीच्या कागदपत्रांत अडकून वसंतात आले, आणि तोवर दक्षिण उतार चीटग्रासने व्यापला होता. उत्तर उतारावर आज आयडाहो फेस्क्यू हे देशी गवत चांगले उभे आहे; दक्षिण उतारावर तणनाशक आणि फेरपेरणी यांचा खर्च मीच केला. जागेवर पाऊल न ठेवता आग लावण्याचा आराखडा मंजूर कसा होतो, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

म्हणून माझे मत, आणि ते एकांगी वाटले तरी हरकत नाही: दक्षिण उताराला आग दाखवूच नये. तेथे आधी बहुवर्षायू गवताचे झुबके किती उरले आहेत ते चालत जाऊन पाहावे. विरळ असतील तर इमॅझापिक किंवा इंडाझिफ्लॅम या तणनाशकांविषयी स्थानिक तण-अधिकाऱ्याशी बोलावे, मात्र ही औषधे नव्या पेरलेल्या बियांनाही मारू शकतात, तेव्हा पेरणीचे वेळापत्रक आधी ठरवावे. वर ज्युनिपर लहान व विरळ असेल तर करवतीने कापणे पुरते. ते लवकर करावे, कारण पूर्व ओरेगॉनमधील अभ्यासात झाडांचे आच्छादन सुमारे ४ टक्क्यांच्या पुढे गेले तेथे ग्राउझची विणीच्या काळातील नाचाची मैदाने ओस पडलेली आढळली. जाळणीचा विचार मी फक्त गार उतारावर, खाली गवत शाबूत असेल तरच करीन, आणि त्यानंतर निदान दोन हंगाम गुरे आत सोडणार नाही.

फांद्यांचे ढीग बर्फात जाळणे सुरक्षित मानतात, पण विझल्याची खात्री वसंतातही करावी. २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत जानेवारीत पेटवलेला ढीग बर्फाखाली धुमसत राहून एप्रिलमध्ये भडकला आणि दुसऱ्या निसटलेल्या जाळणीला मिळून सुमारे ३,४१,००० एकर गेले. विमा कंपनीचे लेखी उत्तर काडी ओढण्याआधी हातात असावे. अनुदान घेणार असाल तर करारावर सही होण्यापूर्वी काम सुरू करू नये, अन्यथा ते बहुधा अपात्र ठरते.

बियांविषयी एक शेवटचे. सेजब्रशच्या पिशवीत काडीकचरा बराच असतो आणि बी लवकर निर्जीव होते, तेव्हा पैसे जिवंत बियांच्या वजनावर द्यावेत, चाचणीची तारीख व बी गोळा केलेल्या जागेची उंची मागावी, आणि ते खोल न पेरता हिवाळ्यात पृष्ठभागावरच फेकावे.