'सिग्निफिकंट' लिहिण्याआधी

प्रिय,

प्रबंधाचं चौथं प्रकरण वाचलं. मांडणी नेटकी आहे. पण 'सिग्निफिकंट' हा शब्द पानोपानी आलाय आणि अर्थ दर वेळी बदलतोय. 'सिग्निफिकंट संशोधन' म्हणजे महत्त्वाचं, 'सिग्निफिकंट घट' म्हणजे बरीच मोठी, आणि तक्त्याखालचं 'सिग्निफिकंट' संख्याशास्त्रातलं. परीक्षक नेमकं इथंच धरतात.

संख्याशास्त्रातला अर्थ अगदी चिंचोळा आहे. मुळात काहीच फरक नाही असं धरलं, तर एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, ते पी-मूल्य सांगतं. ती ठरवलेल्या मर्यादेखाली गेली की निकाल सिग्निफिकंट. बहुतेक शाखांत ही मर्यादा ०.०५ असते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात विसात एक ही रेघ सोयीची म्हणून धरली आणि ती रूढ झाली. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाचा शोध जाहीर करताना कणभौतिकीची रेघ होती साधारण ३५ लाखांत एक.

आता आकडे घालून बघ. रक्तदाबाच्या औषधाची चाचणी, दोन गट, प्रमाण विचलन, म्हणजे माणसामाणसांतल्या आकड्यांचा पसारा, १५ मिलिमीटर. प्रत्येक गटात ५००० माणसं असतील, तर सरासरीत फक्त १ मिलिमीटरचा फरक असला तरी पी-मूल्य ०.००१ च्या खाली जातं. निकाल सिग्निफिकंट, पण १ मिलिमीटरसाठी कोणता डॉक्टर गोळी बदलेल? उलट, गटात दहा-दहाच माणसं घे. फरक चांगला १० मिलिमीटरचा, तरी पी-मूल्य ०.१५ च्या आसपास रेंगाळतं. म्हणून औषध कुचकामी ठरत नाही, नमुना तोकडा पडला एवढंच. अशा वेळी 'इनसिग्निफिकंट' लिहू नकोस. त्याचा अर्थ क्षुल्लक असा होतो. 'नॉन-सिग्निफिकंट' लिही. आणि ०.०६ आलं की 'जवळजवळ सिग्निफिकंट' लिहिण्याची जी पळवाट आहे, ती मला मुळीच आवडत नाही. आकडा आहे तसा दे.

अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये निवेदन काढून हेच बजावलं होतं: पी-मूल्यावरून परिणामाचा आकार किंवा महत्त्व कळत नाही. तेव्हा प्रत्येक ठिकाणी फरक किती, ते आधी लिही, सोबत ९५ टक्के विश्वास-अंतराल (खरा फरक ज्या पल्ल्यात असावा तो) दे, पी-मूल्य त्यानंतर. महत्त्वाचं म्हणायचं असेल तिथे 'इम्पॉर्टंट', मोठं म्हणायचं असेल तिथे 'लार्ज' चालेल. शब्द साधे वाटले तरी वाटू देत.

जाता जाता, 'सिग्निफिकंट फिगर्स', म्हणजे आकड्यातले अर्थपूर्ण अंक, हे प्रकरण आणखी निराळं, त्याचा या चाचणीशी संबंध नाही. पण तिथेही तुझा तक्ता घसरलाय: ३५ जणांचं सरासरी वय ३४.२८५७ वर्षं! वयं पूर्ण वर्षांत विचारली होती ना? ३४.३ पुरे. तेवढं दुरुस्त करून तक्ते पुन्हा पाठव, मग पाचव्या प्रकरणाकडे वळू.