तुमचे प्रश्न: फोन पेअर झाला, पण नेट कुठंय?

प्रश्न: उद्यमनगरात आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. जुन्या पोको एफ१ मधलं अँड्रॉइड काढून पोस्टमार्केटओएस (फोनवर चालणारं लिनक्स) टाकलंय, सिममध्ये डेटा आहे. ऑफिसातल्या पीसीवर लिनक्स मिंट आहे पण वायफाय नाही, म्हणून यूएसबीचा ब्लूटूथ डोंगल घेतला. फोन पेअर होतो, कनेक्टेड पण दाखवतो आणि दोन-चार सेकंदात सुटतो. नेट काही येत नाही. डोंगल खराब निघाला का?

उत्तर: डोंगल बदलायला एवढ्यात जाऊ नका, पेअर होतंय म्हणजे तो बरा आहे. पेअर होणं म्हणजे दोघांनी एकमेकांना ओळखून ठेवलं एवढंच, नेट कोण देणार आणि कोण घेणार हा विषय अजून सुरूच झालेला नसतो, आणि जोडल्यावर कुणी कुठली सर्व्हिस वापरलीच नाही तर कनेक्शन आपोआप सुटतं, तुमच्याकडं तेच चाललंय. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथ टिदरिंगचं, म्हणजे फोनचं नेट दुसऱ्याला द्यायचं, एक बटण असतं, ते दाबलं की बाकीचं सगळं आतल्या आत होतं. पोस्टमार्केटओएसवर ते आपल्या हातानं करावं लागतं. पण एकदा नीट केलं की परत बघायला लागत नाही.

जो नेट वाटतो त्याला नॅप म्हणतात, पूर्ण नाव नेटवर्क ॲक्सेस पॉइंट, आणि घेणारा तो पॅनयू. तुमचा फोन नॅप, पीसी पॅनयू. आता फोन खरंच नॅप म्हणून उभा आहे का हे पीसीवरनंच कळतं. टर्मिनलमध्ये ब्लूटूथसीटीएल (ब्लूटूथच्या कमांडचा प्रोग्राम) उघडा, इन्फो लिहून पुढं फोनचा ब्लूटूथ ॲड्रेस द्या. फोन काय काय देतो त्याची यादी येईल, ऑडिओ सोर्स, हँड्सफ्री वगैरे, प्रत्येकासमोर एक लांबलचक आकडा. त्यात नॅपची ओळ शोधा, तिच्या आकड्याची सुरुवात चार शून्य आणि मग १११६ अशी असते. माझी खात्री आहे की तुमच्या यादीत ही ओळ नाही. आणि ती नाही तोवर पीसीवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, काम फोनवर आहे.

फोनवर आधी नेटवर्कमॅनेजरचं (नेटची कनेक्शनं सांभाळणारा प्रोग्राम) ब्लूटूथचं पॅकेज टाका, अल्पाइन नावाच्या लिनक्सवर ते वेगळं येतं आणि पोस्टमार्केटओएस अल्पाइनवरच बांधलेलं आहे. सोबत डीएनएसमास्क पण लागतं, पीसीला आयपी (नेटवर्कमधला पत्ता) वाटायचं काम तेच करतं. मग एनएमसीएलआयनं (नेटवर्कमॅनेजरची टर्मिनलमधली कमांड) एक नवीन कनेक्शन बनवा: टाइप ब्लूटूथ, त्यातलं ब्लूटूथ टाइप नॅप, आणि आयपीव्ही४ची मेथड शेअर्ड. शेअर्ड विसरलात तर दोघं जोडले जातील पण पीसीला आयपी मिळणार नाही, बरेच लोक इथंच अडकतात. कनेक्शन अप करा, ऑटोकनेक्ट चालू ठेवा.

यानंतर जुनं पेअरिंग दोन्हीकडनं काढून टाका आणि नव्यानं पेअर करा, कारण पीसीकडं फोनच्या सर्व्हिसेसची जुनी यादी राहिलेली असू शकते. पीसीला फोनवर ट्रस्ट पण करून ठेवा, नाहीतर दरवेळी परवानगी विचारत बसेल. आता मिंटच्या ब्लूटूथ मॅनेजरमध्ये फोनवर राइट क्लिक केलं की नेटवर्क ॲक्सेस पॉइंटला जोडायचा पर्याय दिसेल. तो दाबला की बीएनईपी० नावाचा इंटरफेस उभा राहतो आणि त्याला १०.४२.० नं सुरू होणारा आयपी मिळतो.

तरी नेट नाही आलं तर क्रमानं बघा, उगाच सगळं पुसून पहिल्यापासून करू नका. आधी १०.४२.०.१ ला पिंग करा (पिंग म्हणजे समोरून उत्तर येतं का बघायची कमांड), हा फोन स्वतः. मग ८.८.८.८ ला. मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. पहिलं चालतं आणि दुसरं नाही, तर फोनचा डेटाच बंद आहे किंवा फोन पुढं पाठवत नाहीये. पहिली दोन चालतात आणि नावाला अडतं, तर अडचण डीएनएसची, म्हणजे वेबसाइटच्या नावावरनं आयपी शोधणाऱ्या सर्व्हिसची. आणि आयपीच मिळाला नसेल तर फोनचा फायरवॉल बघा, तिथं यूडीपी पोर्ट ६७ आयपीसाठी आणि ५३ डीएनएससाठी आत येऊ द्यायला लागतं, हे बंद असलं की वरचं सगळं बरोबर करूनही माणूस दिवसभर शोधत बसतो.

अजून एक, तुमच्या वर्कशॉपसाठी महत्त्वाचं. डोंगल कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावला असेल तर पुढं पत्रा, मागं भिंत, सिग्नल कसा जाणार. आणि निळ्या यूएसबी ३ च्या पोर्टजवळ लावू नका, तिथं हार्डडिस्क चालू असली की २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट होतो आणि ब्लूटूथ तिथंच चालतं. एक छोटी यूएसबी एक्स्टेंशन घ्या आणि डोंगल टेबलावर आणून ठेवा, फार फरक पडतो.

प्रश्न: ब्लूटूथ ५.० चा डोंगल घेतला तर ४.० पेक्षा नेट जास्त पळेल का?

उत्तर: नाही. ५.० मधला वाढलेला वेग लो एनर्जीसाठी आहे, घड्याळं, सेन्सर असल्या गोष्टींना. हे नेटवर्क जुन्या क्लासिक ब्लूटूथवर चालतं, तिथं कागदावर ३ एमबीपीएस आणि हातात जास्तीत जास्त २ च्या आसपास. म्हणजे १०० एमबीची फाइल सगळं छान असताना सुद्धा सहा-सात मिनिटं घेणार. मेल, जीएसटीचं पोर्टल, बँकेचं काम, फोनमध्ये एसएसएचनं (पीसीच्या टर्मिनलवरनं) शिरणं, याला पुरेसं आहे. व्हिडिओ किंवा मोठे अपडेट असतील तर सरळ यूएसबी केबल लावा, फोन चार्ज पण होतो.

प्रश्न: मी राजारामपुरीत हॉस्टेलला राहते. माझं उलटं आहे, लॅपटॉपला केबलचं नेट आहे आणि लिनक्सवाल्या फोनला ते द्यायचंय, फोनमध्ये सिम नाही. जमेल का?

उत्तर: जमतंय की. वरच्या उत्तरातलं नॅपचं कनेक्शन फोनऐवजी लॅपटॉपवर बनवा आणि फोनवरनं त्याला जोडा, बाकी सगळं तेच. हॉस्टेलमध्ये आजूबाजूला भरपूर फोन असतात म्हणून एक काळजी घ्या, पेअर करताना दोन्ही स्क्रीनवरचा सहा आकडी नंबर जुळतोय का बघूनच हो म्हणा, आणि काम झालं की लॅपटॉपचं डिस्कव्हरेबल (नव्या उपकरणांना दिसणं) बंद करा. आधी पेअर झालेला फोन त्यानंतरही जोडला जातो.