कौन्सिलचा ठराव राहू द्या, आधी २१ दिवस मोजा

इंग्लंडमधल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे फॉस्टरिंगला, म्हणजे कौन्सिलतर्फे सांभाळायला, आलेला मुलगा तेराव्या वर्षापासून अठरापर्यंत त्यांच्या घरी वाढला. आज तो २२ वर्षांचा आहे, गोदामात काम करतो आणि राहायला जागा नाही म्हणून मित्रांकडे सोफ्यावर झोपतो. ताईंच्या घरी आता दुसरं मूल आहे, खोली नाही. बेघर म्हणून केलेला त्याचा अर्ज कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, ‘प्रायॉरिटी नीड नाही’ (घरासाठी प्राधान्य मिळावं अशी गरज नाही) असं सांगून फेटाळला. याच कौन्सिलने केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखभालीत, वाढलेल्यांना समानता कायद्यातल्या संरक्षित गटांप्रमाणे वागवू, असा ठराव केलेला आहे. मग हा भेदभाव नाही का, आणि दावा कुठे लावायचा, असा त्यांचा प्रश्न. त्यांना उत्तर लगेच कळवलं. अशी पत्रं वरचेवर येतात म्हणून इथेही देतो.

ताई, दाव्याचं तूर्त सोडा. तुमचं जवळजवळ सगळं पत्र ठरावाबद्दल आहे आणि निर्णयाची तारीख शेवटच्या ओळीत आहे. सगळं त्या तारखेवर अडलं आहे. तुम्ही मला लिहिलंत तो निर्णय कळल्यापासूनचा सोळावा दिवस होता. १९९६ च्या हाउसिंग ॲक्टच्या कलम २०२ खाली रिव्ह्यू, म्हणजे कौन्सिलकडूनच निर्णयाची फेरतपासणी, मागायला २१ दिवस मिळतात, आणि निर्णय ज्या दिवशी हातात पडला तो दिवस पहिला धरतात. लोक दुसऱ्या दिवसापासून मोजतात आणि एका दिवसाने हुकतात. मग मुदत वाढवून देणं कौन्सिलच्या मर्जीवर. रिव्ह्यूच झाला नाही, तर कलम २०४ खाली काउंटी कोर्टात अपील करायची वाटही उरत नाही. तुम्ही मात्र दोन आठवडे नगरसेवकाच्या उत्तराची वाट पाहिलीत. तो तुमच्या बाजूचा असेलही, पण त्याला लिहिल्याने मुदत थांबत नाही.

तेव्हा आजच्या आज मेल करा: ‘अमुक तारखेच्या निर्णयाचा कलम २०२ प्रमाणे रिव्ह्यू हवा आहे. सविस्तर कारणं मागाहून पाठवतो.’ एवढं पुरतं. अर्जदार तो आहे, तुम्ही नाही. मेल तुम्ही लिहिणार असाल तर त्याची लेखी संमती जोडा. आधी वकील शोधू, फाइल मागवू आणि मग पाठवू, असं कृपा करून करू नका.

आता ठराव. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टच्या कलम ४ मध्ये भेदभावापासून संरक्षण असलेल्या नऊ गोष्टी आहेत: वय, अपंगत्व, वंश, लिंग, धर्म वगैरे. केअरमधलं बालपण त्यात नाही. मुलांच्या सरकारी देखभालीचा आढावा घेणाऱ्या जोश मॅकॲलिस्टर यांच्या अहवालाने मे २०२२ मध्ये ते घालावं अशी शिफारस केली. सरकारने ती स्वीकारली नाही. म्हणून शंभराहून अधिक कौन्सिलांनी आपापले ठराव केले. ते केले याचा मला मनापासून आनंद आहे, पण कौन्सिलच्या ठरावाने संसदेचा कायदा बदलत नाही आणि त्यावर भेदभावाचा दावा उभा राहत नाही. असे ठराव बहुतेक करून पुढची धोरणं तपासण्याबद्दल असतात. तुमच्याकडचे नेमके शब्द मी पाहिलेले नाहीत. तरी प्रत जोडा. स्वतःचं धोरण कौन्सिलने विचारातच घेतलं नाही, हा मुद्दा जोडीला मांडता येईल.

खरी लढाई प्राधान्य कोणाला हे ठरवणाऱ्या २००२ च्या प्रायॉरिटी नीड ऑर्डरवर आहे. सोळा ते अठरा या वयात केअरमध्ये असलेल्याला १८ ते २० वर्षांचा असताना प्रायॉरिटी नीड आपोआप मिळते. विद्यार्थ्यांचे नियम थोडे वेगळे. २१ पूर्ण झाली की केअरमध्ये राहिल्यामुळेच आपण ‘व्हल्नरेबल’, म्हणजे इतरांपेक्षा जास्त असुरक्षित, आहोत हे दाखवावं लागतं. त्याची खोली विसाव्या वर्षीच सुटली होती. तेव्हाच अर्ज केला असता तर हा वाद उद्भवलाच नसता. आणि आता केला तेव्हा ‘केअरमध्ये होतात का’ हा रकाना कोरा! मुलाला लाज वाटली, हे मी समजू शकतो. पण ‘कशाला ते उकरायचं’ असं तुम्ही त्याला सांगितलंत, ते फार चुकलं. त्याचा हक्क ज्या गोष्टीवर उभा आहे तीच तुम्ही झाकलीत.

नोकरी आहे, प्रकृती बरी आहे, एवढ्यावर अधिकाऱ्याने निर्णय दिला. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये हॉटॅक खटल्यात कसोटी सांगितली आहे: कोणीही सामान्य माणूस बेघर झाला तर त्याचे जेवढे हाल होतील, त्याहून याचे लक्षणीय जास्त होतील का? म्हणजे बालपणाचा परिणाम आज काय दिसतो ते लिहा. वर्षानुवर्षं झोप लागत नाही, डॉक्टरांकडे उपचार चालू आहेत, हे तुम्ही ओझरतं लिहिलंय. तेच पुढे आणा. दीर्घकाळचा मानसिक आजार कायद्याने अपंगत्व ठरू शकतो, आणि ते नऊमध्ये आहे. मग त्याच कायद्याच्या कलम १४९ चं, निर्णय घेताना समानतेचा विचार करण्याचं कर्तव्य कौन्सिलला टाळता येत नाही. डॉक्टरांचं पत्र, पाथवे प्लॅन (केअर सोडताना कौन्सिल करते ती पुढची योजना) आणि तुमचं स्वतःचं निवेदन जोडा. तेराव्या वर्षी तो कसा होता हे तुमच्याइतकं कोण सांगणार? २०१७ च्या कायद्याने त्याला वयाच्या २५ पर्यंत पर्सनल ॲडव्हायझर, म्हणजे केअरमधून बाहेर पडलेल्यांना मदत करणारा कौन्सिलचा सल्लागार, मागता येतो. त्याचंही पत्र घ्या.

निकालाची हमी देत नाही. रिव्ह्यू साधारण ८ आठवड्यांत व्हायला हवा, पण रेंगाळतो. तोवर तात्पुरती जागा मागा, देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. बेघरपणाच्या कामाला लीगल एड (वकिलाच्या खर्चाला सरकारी मदत) मिळू शकते, जवळच्या लॉ सेंटरला, म्हणजे मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या केंद्राला, फोन करा. रिव्ह्यू विरुद्ध गेला तर काउंटी कोर्टासाठी पुन्हा २१ दिवसच, आणि तिथे फक्त कायद्याची चूक दाखवावी लागते. तेव्हा कौन्सिलला त्याच्या ई-मेलबरोबर तुमचाही द्या, म्हणजे पुढचं पत्र त्याच्या फोनमध्ये न उघडता पडून राहणार नाही.